अख्खं पान

दुकानात मॉनिटर इंचांवर विकतात, आणि ते इंचही तिरके, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. वाचणाऱ्याला कर्णाशी काय देणंघेणं? त्याला हवी असते उंची, आणि ती खोक्यावर ठळकपणे कुठेच छापलेली नसते. पट्टी घेऊन आपली आपणच मोजावी लागते. चोवीस इंची म्हणून जो विकतात तो बहुतेक वेळा २३.८ इंची असतो आणि त्याच्या पडद्याची उंची भरते २९.६ सेंटिमीटर. ए-फोर कागदाची उंची २९.७. एका मिलिमीटरने हुकलं! त्यात वरच्या मेनूच्या पट्ट्या आणि खालचा टास्कबार आपापला वाटा घेणार तो वेगळाच. २७ इंचीची उंची ३३.६, म्हणजे पान मावतं आणि पट्ट्यांनाही जागा उरते. ३२ इंचीची चाळीसच्या जरा आत. आणि घरोघरी असतो त्या १५.६ इंची लॅपटॉपची १९.४. पानाचा दोन तृतीयांश भाग म्हणा, तोही सगळ्या पट्ट्या दडवल्या तर.

हे हिशेब मला माझ्या धंद्याने शिकवले. मी मुद्रितं तपासते. पूर्वी प्रुफांचे गठ्ठे यायचे, दोऱ्याने बांधलेले, कडेला कंपोझिटरच्या बोटांची शाई लागलेले. आता पीडीएफ येतात. गठ्ठ्यात आणि पीडीएफमध्ये मला जाणवलेला मोठा फरक डोळ्यांच्या त्रासाचा नाही, आठवणीचा आहे. कागदावर वाचताना मला ठाऊक असायचं की, ‘पारंपारिक’ची चूक मागे कुठेतरी डाव्या पानावर, खालून चौथ्या-पाचव्या ओळीत होऊन गेली आहे. पृष्ठांक आठवायचा नाही, पण जागा आठवायची. हात बरोबर तिथे जायचा. लॅपटॉपवर ओळी खालून वर सरकत राहिल्या आणि ही जागाच नाहीशी झाली. जे वाचलं ते सगळं पडद्याच्या मधोमध वाचलेलं! मग शोधायचं कशाच्या आधारावर?

हा काही माझा एकटीचा चाळा नाही. अर्न्स्ट रॉथकॉफ नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच हे तपासून पाहिलं होतं. वाचकांना मजकूर वाचायला दिला. जागा लक्षात ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. तरी एखादी माहिती पानात साधारण कुठे होती हे त्यांना नुसत्या अंदाजाने जमेल त्यापेक्षा चांगलं सांगता आलं. परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तर आठवत नाही, पण ते उजव्या पानावर चौकटीच्या खाली होतं हे लख्ख आठवतं, हा अनुभव कुणाला नाही? तेव्हा अभ्यासासाठी मॉनिटर घेणाऱ्याला माझा पहिला प्रश्न एकच असतो. तुझं पान केवढं, आणि ते अख्खं दिसतं का? पान जागच्या जागी उभं राहिलं पाहिजे आणि उलटलं गेलं पाहिजे. सरकता कामा नये. पीडीएफ उघडली की मी आधी सलग सरकणं बंद करते, ‘पूर्ण पान’ निवडते आणि पेज डाउनच्या कळीवर बोट ठेवते.

या साध्या मागणीसाठी इतकी मोजमापं का करावी लागतात, याचं उत्तर पडद्याच्या इतिहासात आहे. यंत्रावर वाचण्याची कल्पना ज्यांनी पहिल्यांदा केली त्यांच्या डोळ्यांपुढे कागदच होता. व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्राचं वर्णन केलं, ते अभ्यासाच्या टेबलाचंच होतं. टेबलाच्या पाठीवर तिरके बसवलेले पडदे, त्यावर पानं उमटणार, आणि एक पान दुसऱ्याशेजारी ठेवून वाचता येणार. पुढे, ज्या कंपनीच्या नावाने आपण गल्लोगल्ली झेरॉक्स काढतो, तिच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा होता, आडवे ६०६ आणि उभे ८०८ ठिपके, पत्राच्या कागदाच्या प्रमाणात. कागदावर पोट असलेल्या कंपनीला दुसरं सुचलं नसावं, पण सुचलं ते बरोबर होतं.

आल्टो बाजारात आलाच नाही. घरोघरी जे संगणक पोचले त्यांचे पडदे टीव्हीच्या नळीचे, चारास तीन प्रमाणाचे. ते निदान चौकोनी तरी होते. आजचं सोळास नऊ हे प्रमाण तर थेट सिनेमाकडून आलं. १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अभियंत्याने निरनिराळ्या सिनेमांच्या चौकटी सारख्या क्षेत्रफळाच्या करून एकमेकींवर ठेवल्या आणि सगळ्यांना पोटात घेईल असा आयत शोधला. हाय डेफिनिशन टीव्ही त्या आयताचा झाला. टीव्ही आणि मॉनिटरच्या काचा एकाच प्रकारच्या कारखान्यांत कापल्या जातात, त्यामुळे २०१० च्या आसपास मॉनिटर आणि लॅपटॉपही त्याच आकाराचे होऊन बसले. या सगळ्यात वाचकाला कुणी विचारलं नाही.

आडवेपणाशी माझं वैर नाही, हे सांगून ठेवते. आपली पोथी आडवीच असते. तिची ओळ पुस्तकाच्या ओळीच्या दुप्पट लांब असते आणि वाचणारा तिच्यावरून बोट फिरवत जातो. पण तो आकारही वाचकाने ठरवलेला नव्हता, ताडाच्या पानाने ठरवला होता. पुढे कागद आला तरी सवय राहिली. फरक इतकाच की पोथीचं पान अख्खं समोर असतं, आणि वाचून झालं की ते उचलून पालथं ठेवतात.

तर, माझी भाची सई. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते डोंबिवलीला. तिच्या लॅपटॉपवर केशवानंद भारती खटल्याचा निकाल उघडलेला मी पाहिला आणि मलाच दम लागला. १३ न्यायाधीश, सातशे पानांच्या घरातला निकाल, आणि खिडकी १९ सेंटिमीटरची. (तो निकालही १९७३ चाच. उभ्या पडद्याचा संगणक आणि उभ्या पानांचा हा डोंगर एकाच वर्षी जन्मले आणि त्यांची गाठ काही पडली नाही.) एका न्यायमूर्तींचं मत वाचताना दुसऱ्यांनी त्याच मुद्द्यावर काय म्हटलं ते बघायचं, तर ती सतत सरकवत होती आणि पुन्हा जागेवर येताना हरवत होती. ‘‘मावशी, मला मोठा मॉनिटर घ्यायचाय. ३२ इंची घेऊ?’’ तिचे वडील मधेच म्हणाले, ‘‘त्यापेक्षा टीव्हीच लाव ना! ४३ इंची पडलाय हॉलमध्ये.’’

मेहुण्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पुष्कळ जण तसं करतातही. त्यांच्या ४३ इंची फुल एचडी टीव्हीत इंचाला जेमतेम ५१ ठिपके आहेत. तितकेच १९२० गुणिले १०८० ठिपके २७ इंचात बसवले तर इंचाला ८२ होतात, चोवीस इंचात ९२. २७ इंची पडद्यावर २५६० गुणिले १४४० असतील तर १०९, आणि फोर-के असेल तर १६३. निरोगी डोळा ६० सेंटिमीटरवरून साधारण पावणेदोन दशांश मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखतो. इंचाला एकशे पंचेचाळीसच्या आसपास ठिपके झाले की ठिपका दिसेनासा होतो आणि अक्षर उरतं. सिनेमा लांबून बघतात, म्हणून टीव्हीला ५१ चालतात. हातभर अंतरावर त्यातलं प्रत्येक अक्षर विटांनी रचल्यासारखं दिसतं.

इंग्रजी मजकूर ९२ ठिपक्यांत निभावतो. देवनागरीची गोष्ट निराळी आहे, आणि मॉनिटरबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजी वाचणाऱ्यांनी दिलेले असल्यामुळे ती कुठे येत नाही. आपल्या ओळीला तीन मजले. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार, ऋकार आणि ‘ष्ट्र’सारखी जोडाक्षरं एकाखाली एक लोंबणारी. बारा-चौदा ठिपक्यांच्या उंचीत हे सगळं कोंबायचं. मग ‘ध’चं डोकं मिटतं आणि तो ‘घ’ होतो की ‘घ’ उघडून ‘ध’ होतो ते कळत नाही. ‘द्य’ आणि ‘द्ध’ एकमेकांचे मुखवटे घालतात. ‘वर्षी’तला रफार आणि वेलांटी चिकटून एकच गाठ होते आणि त्यावर अनुस्वार आहे की काचेवर धुळीचा कण, हे पाहायला मी नखाने पडदा खरवडलेला आहे. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशींनी केला, सुलेखनात हयात घालवलेल्या माणसाने. जाड ठिपक्यांच्या जुन्या पडद्यांवरही तो वाचता येत होता, हे सोपं काम नव्हतं. तेच अक्षर १६३ ठिपक्यांवर पाहिलं तेव्हा त्याचे वळसे मला पहिल्यांदा नीट दिसले.

म्हणून मी स्वतःसाठी २७ इंची फोर-के घेतला. माझी पुस्तकं बहुतेक डेमी आकाराची, साडेपाच बाय साडेआठ इंच. समोरासमोरची दोन पानं उघडली तर २८ सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस उंच. ती या पडद्यावर मूळ आकाराच्या जवळजवळ दीडपट होऊन मावतात, आणि बाजूला शब्दकोशाची खिडकी उघडायला जागा राहते. सिस्टिममध्ये दीडशे टक्के मोठं करून घ्यावं लागतं, नाहीतर मेनूतली अक्षरं मुंगीएवढी दिसतात. पण हा माझ्या धंद्याचा खर्च होता. विद्यार्थिनीला तेवढे पैसे घालायला सांगणं मला पटेना.

आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे दुकानातले सगळे मॉनिटर एकाच वेळी मासे दाखवत असतात. निळ्या पाण्यात पोहणारे नारिंगी मासे, मग उडणारे रंग, मग धबधबा. त्यातून वाचनाबद्दल काहीही कळत नाही. मी पेनड्राइव्हवर दोन गोष्टी नेल्या होत्या. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशाचं स्कॅन केलेलं एक पान, कारण बारीक टाइप आणि पिवळा कागद या दोन्हींची त्यात परीक्षा होते. आणि सईच्या निकालातली काही पानं. पिशवीत एक कोरा ए-फोर कागद.

दुकानदार आधी हर्ट्झवर होता. ‘‘मॅडम, हा शंभर हर्ट्झ आहे, एकदम स्मूथ.’’ सई म्हणाली, ‘‘निकाल पळत नाहीत हो, आमचे तर हलतही नाहीत.’’ तो हसला आणि मग खरोखर मदतीला लागला. मी पडद्याला कागद लावून बघायला लागले तेव्हा त्याच्या पोऱ्याला वाटलं मी काच पुसतेय, त्याने फडकं आणून दिलं. वक्र पडदा आम्ही पाहिला आणि सोडला. सरळ ओळ वाकलेली पाहणं माझ्या स्वभावात बसत नाही. ३४ इंची रुंद पडदाही पाहिला. उंचीला तो २७ इंचीएवढाच, वाढलेलं सगळं आडवं. तीन पानं शेजारी शेजारी मावतात हे खरं, पण सईची टेबलावरची जागाच मुळी ऐंशी सेंटिमीटर नाही.

मग मी त्याला चोवीस इंचीच उभा करून दाखवायला सांगितला. त्या स्टँडला वळायची सोय होती. सगळ्यांना नसते, स्वस्तातल्यांना तर नसतेच. सेटिंगमध्ये ‘पोर्ट्रेट’ केलं, पान उघडलं, आणि दुकानदारच म्हणाला, ‘‘अरे, हे तर पोस्टर झालं!’’ उभा केला की हा पडदा तीस सेंटिमीटरला जरासाच कमी रुंद आणि ५३ उंच होतो. ए-फोरचं पान त्यात ए-थ्री होऊन बसतं आणि तरी वरखाली मिळून अर्धी वीत जाईल इतकी जागा बाकी. मला खरी मजा ठिपक्यांच्या हिशेबात वाटली. उभ्या फुल एचडी पडद्यावर एका पानाच्या वाट्याला रुंदीत १०८० ठिपके येतात. त्याहून दुपटीच्या आसपास किमतीच्या, २५६० गुणिले १४४० च्या आडव्या पडद्यावर तेच पान अख्खं दाखवायचं तर रुंदीत फार तर १०१८ मिळतात, पट्ट्या धरल्या तर त्याहून कमी. म्हणजे दहा हजारांच्या आसपासचा मॉनिटर नुसता वळवल्याने महागड्याला मागे टाकतो. अर्थात पान मोठं दिसत असल्यामुळे ते जरा लांब, सत्तर सेंटिमीटरवर ठेवायचं, मग ठिपकेही बोचत नाहीत. एकच अट, पडदा आयपीएस जातीचा हवा. जुन्या टीएन पडद्याला उभं केलं तर दोन डोळ्यांना दोन निरनिराळे रंग दिसतात आणि अर्ध्या तासात डोकं धरतं.

घ्यायचा तो मॉनिटर घेतला तरी अर्धं काम बाकी असतं, आणि ते दुकानात होत नाही. सईचं टेबल भिंतीला लावलेलं, घडीचं, खोली ४५ सेंटिमीटर. त्यावर मॉनिटरचा पाय ठेवला की पडदा नाकासमोर येतो. साधारण हातभर लांब ठेवावा म्हणतात, पण तो हात पसरायला टेबल तरी हवं ना! शेवटी कडेला चिमट्याने बसणारा आर्म घेतला. बहुतेक मॉनिटरच्या पाठीवर दहा सेंटिमीटरच्या चौकोनात चार भोकं असतात, तो जगभरचा ठरलेला मापदंड, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा आर्म बसतो. पडदा मागे भिंतीला टेकला, टेबल मोकळं झालं, आणि ताईने लगेच त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले.

उंचीबद्दल सांगतात की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. तरुणांना हे ठीक आहे. चाळिशी लागलेल्यांना नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायचा नंबर भिंगाच्या तळाशी असतो, तोही ४० सेंटिमीटरच्या हिशेबाने. पडदा असतो साठ-सत्तरवर. मग माणूस हनुवटी वर करून, कोंबड्यासारखी मान मागे टाकून वाचतो आणि संध्याकाळी मानेला बाम लावतो. माझ्या मॉनिटरखाली दिवाळी अंकांचा चांगला जाड थर होता, तो काढून टाकला तेव्हा मान सुटली. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरकडे टेपने मोजलेलं अंतर घेऊन गेले आणि तेवढ्यासाठीचा वेगळा चष्मा करून घेतला. निळा प्रकाश अडवणाऱ्या भिंगांचा आग्रह तिथेही झाला. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात अशा भिंगांनी डोळ्यांचा शीण निदान थोड्या काळात तरी कमी होत असल्याचं दिसलं नाही. मी ते पैसे वाचवले. डोळे कोरडे पडतात ते मुख्यतः टक लावून वाचताना आपण पापण्या कमी लववतो म्हणून, आणि वरून पंख्याचा झोत तोंडावर असतो म्हणून. पंख्याचं कुणी बोलत नाही.

उजेडाचं मात्र सोपं आहे. नवा मॉनिटर दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून भगभगीत लावलेला असतो. शेजारी कोरा कागद धरायचा आणि पडदा त्या कागदाइतकाच पांढरा दिसेपर्यंत उजळपणा उतरवत न्यायचा, बहुतेकदा निम्म्याच्याही खाली. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला हवी. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत हे जमवायला कपाट हलवावं लागलं, आणि कपाटामागे हरवलेली बरीच मंडळी सापडली.

सईची मांडणी आता अशी. समोर उभा मॉनिटर, त्यावर निकाल, अख्खं पान. खाली उजवीकडे लॅपटॉप, त्यावर टिपणं. मी तिला म्हटलं की लॅपटॉप जरा तिरका आणि दूर ठेव, कारण मेसेज त्याच्यावरच येतात. मोठ्या पडद्याची खोड अशी की रिकामी जागा दिसली की माणूस त्यात काहीतरी उघडतो. उभ्या पडद्याला ती सवय लावणं अवघड जातं, तिथे दुसरी खिडकी धड बसतच नाही.

मेहुण्यांनी तरी परवा त्यावर मॅच लावून पाहिली. वर काळं, खाली काळं, मधे हातरुमालाएवढं मैदान. ‘‘हे कसलं घेतलंत तुम्ही!’’ म्हणून त्यांनी मला फोन केला. मागून सई ओरडत होती, ‘‘बाबा, माझं पान गेलं!’’ मी तिला सांगितलं, दोनशे बारावं असेल, वरून तिसऱ्या परिच्छेदाशी बघ. ती म्हणाली, ‘‘नाही गं मावशी, खालून दुसरा, उजवीकडे जिथे ओळ अर्धी तुटलीय तिथे.’’